मुख्याध्यापकांचा राष्ट्रीय पुरस्कार: नाशिकमधून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की फोन सुरू होतात. कधी मुख्याध्यापक स्वतः विचारतात, कधी त्यांच्या शाळेतले शिक्षक गुपचूप विचारतात की आमच्या मॅडमचा अर्ज भरायचाय पण त्या ऐकत नाहीयेत, काय करू. मुलं शाळेत असताना मी शाळा व्यवस्थापन समितीवर होते, तेव्हापासून अशा फायली लावायला मदत करतेय, म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाचे इथे लिहून ठेवतेय. माझं म्हणणं थोडक्यात असं की नाशिक जिल्ह्यात जीव तोडून शाळा चालवणारे मुख्याध्यापक भरपूर आहेत, अर्ज करणारे फार कमी, आणि ज्यांनी करायलाच पाहिजे ते "आपलं काय एवढं" म्हणून बाजूला राहतात. हे सगळं त्यांच्यासाठी, आणि त्यांना हाताला धरून अर्जाला बसवणाऱ्यांसाठी.

फक्त मुख्याध्यापकांसाठी असा वेगळा राष्ट्रीय पुरस्कार आहे का?

केंद्र सरकारचा असा वेगळा नाही. जो राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार आहे त्यातच शिक्षक आणि शाळाप्रमुख दोघंही येतात, अर्ज तोच, निवड तीच. अमेरिकेत मात्र वेगळा आहे, तिथे प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांची जी राष्ट्रीय संघटना आहे ती १९८४ पासून 'नॅशनल डिस्टिंग्विश्ड प्रिन्सिपल्स' नावाचा सन्मान देते, राज्याराज्यातून मुख्याध्यापक निवडले जातात. आपल्याकडेही तसा वेगळा असावा असं मला मनापासून वाटतं, कारण वर्गात शिकवणं आणि शाळा चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही एकाच तराजूत टाकली की शाळा चालवणाऱ्याचं बरंचसं काम दिसतच नाही. पण आज जे आहे ते हे आहे, आणि त्यात मुख्याध्यापकांना पूर्ण जागा आहे.

हा पुरस्कार कधीपासून आहे, आणि मिळतं काय?

१९५८ पासून. दरवर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या जयंतीला, दिल्लीत विज्ञान भवनात राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो. प्रशस्तिपत्र, रौप्यपदक आणि ५०,००० रुपये. पैशाकडे बघून कुणी अर्ज करत नाही हे खरंय, पण पदक गावात येतं तेव्हा त्या शाळेकडे बघायची अख्ख्या तालुक्याची नजर बदलते.

किती जणांना मिळतो? महाराष्ट्राचा कोटा किती?

आधी देशभरातून तीनशेहून जास्त असायचे आणि राज्यांना वाटा ठरलेला असायचा. २०१८ ला नियम बदलले, आकडा एकदम खाली आला, त्या वर्षी ४५ जणांना मिळाला. पुढे उच्च शिक्षण आणि कौशल्य विकासवालेही याच कार्यक्रमात आले, त्यामुळे २०२३ ला एकूण ७५ आणि २०२४ ला ८२ दिसतात, पण त्यातले शाळांचे ५० च.

आणि कोटा नाही. राज्यातून दिल्लीला किती नावं पाठवायची याला वरची मर्यादा आहे, पण अमुक राज्याला इतके पुरस्कार मिळणारच असं काही नाही. एखाद्या राज्याला एकही मिळाला नाही असंही होऊ शकतं. काही जणांना हे अन्यायाचं वाटतं, मला बरं वाटतं, कारण आता नाव आलं तर ते कामावर आलं असं म्हणता येतं.

नाव कोण पाठवतं? साहेबांना भेटावं लागतं का?

नाही! हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि सगळ्यात मोठा गैरसमज. २०१८ पासून अर्ज स्वतः करायचा असतो, ऑनलाइन, शिक्षण मंत्रालयाच्या पोर्टलवर. पूर्वी खालून शिफारस वर जायची, त्यामुळे जुन्या लोकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय की कुणीतरी आपलं नाव सुचवेल मग आपण बघू. कुणी सुचवणार नाही. आणि स्वतःचं नाव स्वतः भरायचं म्हणजे मिरवणं असं ज्यांना वाटतं त्यांना मी एवढंच सांगते की सर, नियमच तसा आहे, तुम्ही नाही भरलं तर तुमच्या शाळेचं नाव त्या यादीत येणारच नाही.

अर्ज कोण करू शकतं आणि कोण नाही?

मान्यताप्राप्त प्राथमिक, उच्च प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक शाळांमधले नियमित शिक्षक आणि शाळाप्रमुख. म्हणजे जिल्हा परिषद, महानगरपालिका, नगरपालिका, अनुदानित संस्था या सगळ्यांचे मुख्याध्यापक, ज्युनिअर कॉलेज जोडलेलं असेल तिथले प्राचार्यसुद्धा.

चालत नाहीत ते असे. कंत्राटी शिक्षक चालत नाहीत. शिक्षण खात्यातले अधिकारी, तपासणी करणारे, प्रशिक्षण संस्थांमधले लोक चालत नाहीत, त्यामुळे आधी उत्तम मुख्याध्यापक होते आणि आता विस्तार अधिकारी झाले अशांचं दार बंद. रिटायर झालेले सर्वसाधारणपणे चालत नाहीत, पण ज्या वर्षाचा पुरस्कार त्या वर्षात किमान चार महिने, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, नोकरीत असतील तर विचार होतो. आपल्याकडे मे अखेरीला रिटायर होणारे बरेच असतात, ते यात बसतात आणि त्यांना हे माहीतच नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि खासगी शिकवणी घेणारा माणूस अपात्र. यावर दरवर्षी वाद घालणारे भेटतात की घरी चारच मुलं येतात, फी पण नाममात्र आहे. चार काय नि चाळीस काय, घेत असाल तर अर्ज करू नका.

मी प्रभारी आहे, मुख्याध्यापकाचं पद मंजूरच नाही. मग?

जिल्हा परिषदेच्या शाळांमधला हा रोजचा विषय आहे. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत १५० च्या वर मुलं असतील तरच मुख्याध्यापकाचं पद, सहावी ते आठवीला १०० च्या वर. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या पाड्यांवरच्या शाळेत चाळीस-पन्नास मुलं आणि दोन शिक्षक, त्यातला जो सीनियर तो मुख्याध्यापक, वर्गही घेतो, पोषण आहाराचा हिशोबही ठेवतो, ऑनलाइन माहितीही भरतो आणि केंद्रावरच्या मीटिंगलाही तोच जातो.

तुम्ही नियमित शिक्षक आहातच, त्यामुळे शिक्षक म्हणून अर्ज करायला काही अडचण नाही. पदाचं नाव जे सेवापुस्तकात आहे तेच लिहा, उगाच मुख्याध्यापक लिहू नका, पडताळणीत ते खटकतं. पण चार्ज तुमच्याकडे कधीपासून आहे त्याचं पत्र जोडा आणि शाळाप्रमुख म्हणून जे केलं ते सगळं लिहा. दोन शिक्षकी शाळा उभी करणं हे काही कमी काम नाही आणि समितीतल्या लोकांना ते कळतं.

केंद्रीय विद्यालय, नवोदय, सीबीएसई शाळांचं काय?

त्यांचा रस्ता वेगळा आहे. देवळालीचं केंद्रीय विद्यालय असो किंवा दिंडोरी तालुक्यातल्या खेडगावचं जवाहर नवोदय विद्यालय, त्यांचे प्राचार्य आपापल्या संघटनेमार्फत पुढे जातात. सीबीएसई आणि आयसीएसईवाल्या शाळा आपापल्या बोर्डातर्फे. पोर्टल एकच आहे, फक्त जिल्हा आणि राज्य समितीच्या जागी त्यांची स्वतःची निवड समिती असते.

अर्ज केल्यावर पुढे काय होतं?

आधी जिल्हा समिती. शिक्षणाधिकारी अध्यक्ष, राज्य सरकारचा एक प्रतिनिधी आणि जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले एक शिक्षणतज्ज्ञ. हे लोक तुम्ही लिहिलेलं खरं आहे का ते तपासतात, तुमच्यावर कुठली चौकशी वगैरे प्रलंबित नाही ना ते बघतात, मार्क देतात आणि मोजकी नावं राज्याला पाठवतात. मग राज्य समिती सगळ्या जिल्ह्यांची नावं बघून यादी करते आणि दिल्लीला पाठवते. तिसरा टप्पा म्हणजे राष्ट्रीय पातळीवरची स्वतंत्र ज्युरी, तिच्यासमोर उमेदवाराला स्वतःचं काम मांडावं लागतं.

नाशिकसारख्या पंधरा तालुक्यांच्या जिल्ह्यातून एवढी कमी नावं पुढे जातात म्हटल्यावर पहिलाच टप्पा सगळ्यात अवघड, हे लक्षात ठेवा. बरेच जण दिल्लीची तयारी करतात आणि जिल्ह्याची फाईल कच्ची ठेवतात.

मार्क कशाला असतात?

दोन भाग आहेत. पहिला मोजता येईल असा: गोपनीय अहवाल कसे आहेत, शाळेत नियमित हजर असता का, तक्रारी आहेत का, सेवांतर्गत प्रशिक्षणं केली का, पाठ्यपुस्तक किंवा ई-साहित्य बनवण्यात हात आहे का, काही छापून आलंय का, समाजाकडून पालकांकडून माजी विद्यार्थ्यांकडून शाळेसाठी काय मिळवलंत. दुसरा भाग प्रत्यक्ष कामाचा: शिकवण्यातले नवे प्रयोग, तंत्रज्ञानाचा वापर, मुलांना शिकताना मजा यावी म्हणून काय केलं, अभ्यासाबाहेरचे उपक्रम, समाजाला शाळेशी जोडणं, मुलांमधे सामाजिक भान आणि राष्ट्रीय एकात्मता वाढवणं.

यातला दुसरा भाग खूप जड आहे, मार्कांचा मोठा वाटा त्यातच. लोक मात्र पहिल्याच भागाच्या मागे लागतात, सर्टिफिकेटं गोळा करतात, कुठल्या कुठल्या वेबिनारची पन्नास पन्नास सर्टिफिकेटं लावतात. मी स्पष्टच सांगते, त्याने फाईल जाड होते, बाकी काही होत नाही.

मी आता वर्गावर फार जात नाही, मुख्याध्यापक म्हणून माझं काम "प्रयोग" म्हणून कसं दाखवू?

हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना आधी माझा नमस्कार, कारण अडचण खरंच इथे आहे. शिक्षकाकडे दाखवायला तक्ता असतो, खेळ असतो, व्हिडिओ असतो. मुख्याध्यापकाचं काम म्हणजे दुसऱ्याला नीट काम करता येईल अशी शाळा ठेवणं, आणि ते फोटोत येत नाही.

मी एक उदाहरण सांगते, पेठ तालुक्यातल्या एका शाळेचं, नाव घेत नाही. तिथल्या मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावर एक साधी दोनशे पानी वही होती, उभ्या रेघा मारलेली. रोज जे मूल आलं नाही त्याचं नाव, आणि पुढच्या रकान्यात कारण. कारण म्हणजे "आजारी" एवढं लिहून सोडलेलं नाही. "आईबाप द्राक्षाला, दिंडोरी, सोबत नेलं." "धाकट्या भावाला सांभाळायला घरी." "चप्पल नाही, ऊन." आणि तिसरा रकाना, काय केलं. कुठे आजीशी बोलणं झालंय, कुठे गावातल्या एका घरी राहायची सोय लावलीय, कुठे तिकडच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून सांगितलंय की आमची दोन मुलं तुमच्या गावात द्राक्षाच्या मळ्यावर आहेत, त्यांना वर्गात बसवून घ्या. तुम्हाला माहितीच आहे, आपल्याकडे द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की पेठ सुरगाण्याची माणसं निफाड दिंडोरीला उतरतात आणि वर्ग निम्मे रिकामे होतात. त्या वहीत पुढची पुढची पानं बघितली की द्राक्षाला गेलेल्या मुलांची नावं कमी कमी होत गेलेली दिसतात.

बाईंनी अर्जात काय लिहिलं होतं माहितीये? शाळेला रंग दिला, कंपाउंड बांधलं, वृक्षारोपण केलं. वहीचा उल्लेखच नाही. विचारलं तर म्हणाल्या, ते तर करावंच लागतं ना, त्यात काय लिहायचं.

तेच लिहायचं. मुख्याध्यापकांचा प्रयोग म्हणजे हेच. अडचण काय होती, तुम्ही काय पद्धत लावली, कोणाला सोबत घेतलं, आणि मुलांमधे काय फरक पडला. नवीन आलेल्या शिक्षकाला तुम्ही कसं तयार केलंत ते लिहा. दोन शिक्षकांचं पटत नव्हतं आणि वर्ग मागे पडत होते तिथे वेळापत्रक कसं बदललंत ते लिहा, नावं न घेता. चौथीतल्या ज्या मुलांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी शाळा सुटायच्या आधीचा अर्धा तास कोणी घेतला आणि वर्षाच्या शेवटी किती मुलं वाचायला लागली ते लिहा. सुरुवातीची नोंद आणि शेवटची नोंद दोन्ही पाहिजेत, नुसती शेवटची दिली तर फरक कळत नाही.

आमच्या शाळेला कंपनीने इमारत बांधून दिली, ते किती चालेल?

चालेल, समाजाला शाळेशी जोडण्याचे मार्क आहेतच. सातपूर अंबडच्या कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीतून, नाशिकच्या कितीतरी शाळांना खोल्या, शौचालयं, कॉम्प्युटर, पाण्याची फिल्टरं मिळालीयेत आणि ती मिळवायला मुख्याध्यापकांनी चकरा मारलेल्या असतात, त्याचं श्रेय त्यांना मिळायलाच हवं. पण समितीचा पुढचा प्रश्न असतो, मग त्या कॉम्प्युटरवर मुलं काय करतात. त्याचं उत्तर फाईलमधे नसेल तर ती देणगीची पावती होऊन राहते.

मला स्वतःला लोकवर्गणीचं जास्त मोल वाटतं. जिथे गावाने कांदा विकल्यावर शाळेला पैसे दिले, कुणी वाळू आणून टाकली, कुणी दोन दिवस गवंडीकाम फुकट केलं, तिथे मुख्याध्यापकाने गावाचा विश्वास कमावलेला असतो. याचं रेकॉर्ड शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात असतं, ठराव असतो, सह्या असतात. ती पानं जोडा. दहा फोटोंपेक्षा एक ठराव जास्त बोलतो.

दहावीचा निकाल १०० टक्के आहे, एवढं बास नाही का?

नाही. निकाल चांगला असणं अभिमानाची गोष्ट आहे, पण निवडक मुलं घेऊन आलेला निकाल आणि जो येईल त्याला घेऊन आलेला निकाल यात फरक असतो आणि समिती तो विचारते. नववीला किती होते, दहावीला किती बसले, मधली कुठे गेली, हे आकडे स्वतःहून द्या.

फाईलमधे काय काय लावायचं? फोटो किती?

पोर्टलवर पोर्टफोलिओ टाकायचा असतो, त्यात कागदपत्रं, उपक्रमांचे अहवाल, फोटो, ऑडिओ, व्हिडिओ चालतात. किती, हे आकड्यात सांगण्यापेक्षा कुठले ते सांगते.

पाहुण्यांचे सत्कार, शाल, नारळ, फीत कापणं, हे सगळं काढून टाका. मुलं काम करताना दिसतील असे ठेवा. एकाच जागेचे आधीचा आणि नंतरचा असे जोडीने लावले तर फार उपयोग होतो, म्हणून नवीन शाळेवर रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात मोबाईलवर सगळ्या वर्गांचे, अंगणाचे, शौचालयाचे फोटो काढून ठेवा, तारखेसकट. तेव्हा पुरस्कार डोक्यात नसतो हे मान्य, पण नंतर ते फोटो कुठूनच मिळत नाहीत.

प्रत्येक उपक्रमाचं एकेक पान करा. बाकी फुलंबिलं, रंगीत बॉर्डर, सुविचार काही नको. भाषा साधी ठेवा. "सर्वांगीण विकासासाठी विविध उपक्रम राबवले" अशी वाक्यं प्रत्येक फाईलमधे असतात आणि ती वाचून कुणालाच काही कळत नाही.

आणि एक अगदी महत्त्वाचं. अर्जात तुम्ही लिहून देता की दिलेली माहिती खरी आहे, नंतर काही खोटं निघालं तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दुसऱ्या शाळेचे फोटो, सहकाऱ्याचा उपक्रम आपल्या नावावर, असलं काही करू नका. ज्या शिक्षकाने केलं त्याचं नाव घेऊन लिहा की मी त्याला ही मदत केली, त्याने तुमचा मोठेपणाच दिसतो.

व्हॉट्सअपवर मेसेज आलाय, "आपली राष्ट्रीय आदर्श मुख्याध्यापक पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा." खरं आहे का?

सरकारच्या राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी कसलीही फी नसते. अर्ज न करता निवड होत नाही. हॉलमधे कार्यक्रम, मोठी ट्रॉफी, स्टेजवर फोटो, आणि त्यासाठी काही हजार रुपये, असे पुरस्कार देणारे बरेच झालेत. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण यात फसतात ते बहुतेक साधे लोक, ज्यांना आयुष्यभर कुणी शाबासकी दिलेली नसते. पैसे मागितले की तिथेच थांबा आणि सहकाऱ्यांनाही सांगा.

आधी जिल्हा पुरस्कार, मग राज्य, मग राष्ट्रीय, असं चढत जावं लागतं का?

नाही, तशी अट नाही. जिल्हा परिषदेचा जिल्हा शिक्षक पुरस्कार वेगळा, राज्य सरकारचा क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्कार वेगळा आणि राष्ट्रीय वेगळा. राज्याच्या पुरस्कारात आदिवासी भागात काम करणाऱ्या प्राथमिक शिक्षकांसाठी स्वतंत्र गट आहे, आपल्या पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबककडच्या लोकांनी तो जरूर बघावा. पण राज्याचा मिळालेला नाही म्हणून राष्ट्रीयला थांबायचं काही कारण नाही. उलट जिल्ह्यासाठी फाईल केलीत की निम्मं काम तिथेच होऊन जातं.

आश्रमशाळेचे मुख्याध्यापक अर्ज करतात का?

करू शकतात, सरकारी आणि अनुदानित शाळा पात्र आहेत. पण करत नाहीत, निदान माझ्या बघण्यात फार कमी. आदिवासी विकास विभागाचं आयुक्तालय इथे नाशिकमधेच आहे, तरी हा पुरस्कार म्हणजे शिक्षण खात्याचा, आपला नाही, असं त्यांच्याकडे धरून चालतात. आश्रमशाळेचा मुख्याध्यापक रात्री साडेबारालाही मुख्याध्यापकच असतो. मुलाला ताप आला, मुलगी घरच्या आठवणीने जेवली नाही, पाण्याची मोटर जळाली, सगळं त्याच्याच अंगावर. चोवीस तास शाळा चालवणाऱ्या माणसाचं काम या यादीत दिसलं पाहिजे, म्हणून तुमच्या ओळखीत कुणी असेल तर त्यांच्यापर्यंत हे पोचवाच.

या सगळ्याला वेळ कुठून आणायचा?

खरी अडचण आहे. पोषण आहार, यू-डायस म्हणजे सरकारला द्यायची शाळेची ऑनलाइन माहिती, शिष्यवृत्तीचे फॉर्म, आधार अपडेट, निवडणुकीची कामं, यात मुख्याध्यापकाचा दिवस संपतो. म्हणून अर्जाच्या महिन्यात बसून सगळं करायला जाऊ नका, जमणार नाही. दर शनिवारी शाळा सुटल्यावर वीस मिनिटं, या आठवड्यात काय झालं ते पाच ओळीत लिहायचं आणि फोटो एका फोल्डरमधे टाकायचे, बास. मुक्त विद्यापीठाचा शालेय व्यवस्थापन पदविकेचा कोर्स केलेल्यांना अशी नोंद ठेवायची सवय असते, त्यांच्या फायली बघितल्या की फरक लगेच कळतो. टायपिंग येत नसेल तर हाताने लिहा, शाळेतला एखादा तरुण शिक्षक टाईप करून देतो, मी तरी अजून नाही म्हणणारा बघितलेला नाही.

शाळा सगळे मिळून चालवतात, मग एकट्या मुख्याध्यापकाचा सत्कार कशाला?

प्रश्न रास्त आहे आणि स्टाफरूममधे तो बोलला जातो. माझं उत्तर असं की त्याच इमारतीत, तेच शिक्षक, तीच मुलं असताना मुख्याध्यापक बदलला की वर्षभरात शाळा बदललेली आपण सगळ्यांनी बघितलीय, चांगल्याकडेही आणि वाईटाकडेही. आपल्या सोलापूरच्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी, त्यांना २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. सन्मान एकाचा झाला तरी तो वाटता येतो. ज्या मुख्याध्यापकाला पुरस्कार मिळाल्यावर शिक्षकांना परकं वाटतं, तिथे अर्ज भरतानाच त्यांना सोबत घेतलेलं नसतं.

मी पालक आहे, आमच्या सरांसाठी काय करू शकतो?

तुम्ही अर्ज करू शकत नाही, पण बाकी खूप काही करू शकता. आधी त्यांना सांगा की सर, तुम्ही भराच. हे पालकांनी म्हटलं की फार फरक पडतो, सहकाऱ्यांनी म्हटलं तर ते हसण्यावारी नेतात. मग तुमच्या मुलाबद्दल एक पत्र लिहून द्या, अगदी साधं, काय होतं आणि आता काय आहे. "सर फार चांगले आहेत" असं नको. "माझा मुलगा सहावीत शाळा सोडून गॅरेजवर जात होता, सर तीनदा घरी आले, आता तो नववीला आहे" असं. तुमच्याकडे शाळेचे जुने फोटो असतील तर द्या. ग्रामसभेत, व्यवस्थापन समितीत शाळेच्या कामाची नोंद इतिवृत्तात येतेय ना ते बघा.

निवड झाली नाही तर परत करता येतो का? आणि आमच्या शाळेचं नाव खराब होतं का?

परत करता येतो, आणि करावाच. नाव वगैरे काही खराब होत नाही. मी बघितलेल्या चांगल्या फायलींपैकी बऱ्याच पहिल्या वेळी जिल्ह्यालाच थांबल्या होत्या. जुनी फाईल फेकू नका, कुठलं पान कमी पडलं ते समितीतल्या कुणाला शांतपणे विचारा, काही जण सांगतात. नवीन वर्षाची भर घाला, जुनी चार पानं काढा. पोर्टल साधारण जून-जुलैमधे उघडतं, दरवर्षी तारखा आणि बारीकसारीक अटी थोड्या बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं सूचनापत्र आधी नीट वाचा आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, त्या दिवशी साईट हमखास अडकते आणि घाटावर रेंज नसते. गावात नेट चालत नसेल तर तालुक्याच्या गावी जाऊन भरा, यू-डायस कोड, सेवेचा तपशील, फोटो आणि पीडीएफ पेनड्राइव्हमधे घेऊन जा, आणि सबमिट झाल्यावर त्याची प्रिंट काढल्याशिवाय तिथून उठू नका.